सुरक्षेच्या यादीतली माणसं: सरकारला नावं कळवण्याआधी आम्ही केलेली तपासणी

रायगड जिल्ह्यातल्या एका रासायनिक कारखान्यात मी कायदेशीर पूर्ततेचं काम बघते. परवाने, विवरणपत्रं, तपासणीनंतरची उत्तरं असं सगळं माझ्या टेबलावरून जातं. त्यातलं एक काम सतत चालू असतं आणि त्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही: सुरक्षेची जबाबदारी असलेल्या माणसांची नावं आणि फोन नंबर निरनिराळ्या सरकारी यंत्रणांना कळवणं. सेफ्टी ऑफिसर कोण, गेटवरच्या सिक्युरिटीचा प्रमुख कोण, आयटी कोण बघतं, रात्री दोन वाजता फोन कुणी उचलायचा. तक्ता भरायचा, सही-शिक्का घ्यायचा आणि पाठवून द्यायचा.

आमच्या एका शिफ्ट इन्चार्जला त्याच्या खासगी मोबाइलवर फोन आला, तेव्हा या तक्त्यांकडे बघण्याची माझी नजर बदलली. बोलणाऱ्याला त्याचं नाव, हुद्दा आणि कोणत्या प्लांटवर तो असतो हे सगळं माहीत होतं. ‘सरकारी सायबर विभागातून बोलतोय, तुमच्या कंट्रोल रूमच्या कॉम्प्युटरवर व्हायरस आहे, ताबडतोब एक अ‍ॅप टाका,’ असा आग्रह. शिफ्ट इन्चार्जनं फोन ठेवला आणि आयटीला कळवलं. दुसऱ्या दिवशी तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, ‘मॅडम, माझा नंबर नक्की कुठं कुठं जातो?’ याचं पूर्ण उत्तर कंपनीत कुणाकडेच नव्हतं. त्याचा नंबर कुठून बाहेर गेला हे शेवटपर्यंत समजलं नाही, त्यामुळे कुणावर ठपका ठेवण्याचा प्रश्न नाही. पण त्याच्या प्रश्नाचं उत्तर देणं आमचं कर्तव्य होतं.

पहिलं काम म्हणजे बाहेर जाणाऱ्या माहितीची मोजदाद. भोपाळ दुर्घटनेनंतर आपल्याकडे जे नियम आले, त्यात ही माहिती मागण्यामागे ठोस कारण आहे. १९८७ च्या दुरुस्तीनं कारखाना अधिनियमात आपत्कालीन योजना बंधनकारक झाली. १९८९ च्या घातक रसायनांबाबतच्या नियमांनुसार कारखान्याच्या आतल्या योजनेत महत्त्वाच्या अधिकाऱ्यांची नावं आणि त्यांच्यावरच्या जबाबदाऱ्या द्याव्या लागतात. कारखान्याबाहेरच्या योजनेसाठी जिल्हा प्रशासनाला आम्ही माहिती पुरवतो. १९९६ च्या नियमांनी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा आपत्ती गट आणि औद्योगिक पट्ट्यांसाठी स्थानिक गट आणले. त्यांच्याकडेही संपर्काच्या याद्या असतात. सायबर बाजूला सर्ट-इनचे, म्हणजे सायबर हल्ल्यांच्या बाबतीत काम करणाऱ्या केंद्र सरकारच्या यंत्रणेचे, २८ एप्रिल २०२२ चे निर्देश आहेत. माहिती तंत्रज्ञान अधिनियमाच्या कलम ७०ब खाली काढलेल्या या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवायची असते आणि प्रत्येक कंपनीनं एक संपर्क अधिकारी नेमून त्याचा तपशील ठरलेल्या नमुन्यात पाठवायचा असतो. नाव, पदनाम, संस्थेचं नाव, कार्यालयाचा पत्ता, ईमेल, मोबाइल, कार्यालयाचा फोन, फॅक्स.

हा नमुना मला मर्यादित आणि रास्त वाटतो. त्यात घरचा पत्ता नाही, जन्मतारीख नाही, आधार नाही. सगळीकडे असं नसतं. आमच्याकडे आलेल्या एका कार्यालयाच्या तक्त्यात घरचा पत्ता आणि घरातल्या दुसऱ्या माणसाचा नंबरही मागितला होता, आणि तो भरलेला तक्ता एका मोठ्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकायचा होता. त्या ग्रुपमध्ये शेजारच्या कंपन्यांचे लोक, ठेकेदार, बदली होऊन गेलेले कर्मचारी असे सगळेच होते.

तपासणीची पद्धत कुठून घ्यायची, हा पुढचा प्रश्न. अमेरिकेत २००२ च्या ई-गव्हर्नमेंट कायद्याच्या कलम २०८ नुसार केंद्रीय यंत्रणांना लोकांची वैयक्तिक माहिती गोळा करणारी नवी प्रणाली उभी करण्याआधी गोपनीयतेवरच्या परिणामांचं मूल्यांकन करावं लागतं, आणि शक्य तिथे ते प्रसिद्ध करावं लागतं. तिथल्या अंतर्गत सुरक्षा खात्याची अशी मूल्यांकनं मी वाचून काढली. कोणती माहिती घेता, का घेता, कुणाला देता, माणसाला सांगता का, किती वर्षं ठेवता, चूक दुरुस्त कशी करायची, कोण बघू शकतं. आणि प्रत्येक उत्तराखाली धोका काय आणि त्यावर उपाय काय. प्रश्न साधे आहेत. त्यांची ताकद इतकीच की उत्तर लिहून द्यावं लागतं.

त्याच खात्याची एक घटना मी आमच्या बैठकीत सविस्तर मांडली, कारण ती थेट आमच्या धंद्यातली आहे. घातक रसायनं बाळगणाऱ्या कारखान्यांची सुरक्षाविषयक माहिती अमेरिकेत सिसा ही त्या खात्याची सायबर सुरक्षा संस्था एका ऑनलाइन प्रणालीत घेत असे: साठ्याची माहिती, कमकुवत जागांचं मूल्यांकन, सुरक्षा आराखडे, आणि ते भरणाऱ्या कर्मचाऱ्यांची खाती, म्हणजे नाव, हुद्दा, कार्यालयाचा पत्ता, फोन. ज्या कायद्यावर हा कार्यक्रम उभा होता त्याची मुदत २८ जुलै २०२३ ला संपली. माहिती मात्र प्रणालीतच राहिली. २३ ते २६ जानेवारी २०२४ दरम्यान इव्हान्टी कंपनीच्या एका उपकरणातल्या त्रुटीतून घुसखोर आत शिरले. माहिती बाहेर नेल्याचा पुरावा सापडला नाही आणि ती कूटबद्ध होती, तरीही अनधिकृत प्रवेशाची शक्यता धरून जून २०२४ मध्ये कारखान्यांना कळवण्यात आलं.

या घटनेतल्या दोन गोष्टींवर आमची बरीच चर्चा झाली. पहिली म्हणजे मुदत: माहिती मागण्याचा अधिकार संपला तरी माहिती जिवंत राहते. दुसरी जास्त विचार करायला लावणारी आहे. दहशतवादी संबंध तपासण्यासाठी ज्या कर्मचाऱ्यांची नावं कंपन्यांनी पाठवली होती, त्यांचे पत्ते आणि फोन सिसानं घेतलेच नव्हते. कमी माहिती घेणं चांगलंच. पण त्यामुळे त्या माणसांना थेट कळवता येईना, आणि हे काम कंपन्यांना करायची विनंती करावी लागली. आमच्यासाठी याचा अर्थ स्पष्ट होता. सरकारकडे कुणाचं नाव गेलं आहे याची नोंद कंपनीनं स्वतः ठेवली नाही, तर गळती झाल्यावर त्या माणसापर्यंत कुणीच पोहोचणार नाही.

मग आम्ही धोके लिहायला बसलो. एकट्या नंबराला फारशी किंमत नसते, तो व्हिजिटिंग कार्डावरही असतो. पण जिल्ह्यातल्या सगळ्या कारखान्यांच्या सुरक्षा प्रमुखांची नावं, हुद्दे, मोबाइल आणि रात्री कोण ड्युटीवर हे एकाच फाइलमध्ये आलं, की ती फाइल म्हणजे किल्ल्यांचा जुडगाच. फसवे फोन करणाऱ्याला याहून चांगलं साधन मिळणार नाही. सर्ट-इनच्या सहा तासांच्या नियमाची घाई त्याला आयती वापरता येते. शिवाय आमची माणसं कारखान्याजवळच्याच गावांत राहतात. गॅसगळतीची अफवा उठली किंवा संप चिघळला, तर ज्याचा घरचा पत्ता यादीत आहे त्याच्या दारात जमाव जाऊ शकतो. हा धोका कागदावर लिहायला आमचे काही सहकारी तयार नव्हते. मी आग्रहानं लिहायला लावला.

माहिती देण्यासाठी कर्मचाऱ्यांची संमती घेण्यावर वेळ घालवायचा नाही असं आमच्या वकिलांनी सुचवलं, आणि मला ते पटलं. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियमाच्या कलम ७ मध्ये कायद्यानं बंधनकारक असलेली माहिती शासनाला देण्यासाठी संमतीची गरज ठेवलेली नाही. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि बहुतेक जबाबदाऱ्या अठरा महिन्यांनी लागू होतात. शासनाच्या अधिसूचित यंत्रणांना कलम १७ खाली सूटही मिळू शकते. म्हणजे अमेरिकेसारखं प्रसिद्ध मूल्यांकन आपल्याला आयतं वाचायला मिळेल, या भरवशावर राहता येत नाही. आपल्या दारातून निघणाऱ्या माहितीचं मूल्यांकन मात्र आपण आजही करू शकतो. ते केलंच पाहिजे, असं माझं मत आहे.

सर्वांत मोठा वाद उपायावर झाला. मी मांडलं की नंबर माणसाचा न देता पदाचा द्यावा. आमचे सेफ्टीचे साहेब, तीस-एक वर्षं या पट्ट्यात काम केलेले, म्हणाले, ‘मॅडम, क्लोरीन सुटल्यावर कलेक्टर ऑफिसनं डिपार्टमेंटला फोन लावायचा का? माणूस लागतो.’ त्यांचं म्हणणं खरं होतं. अपघाताच्या वेळी ओळखीचा आवाज पलीकडे असणं मोलाचं असतं आणि गोपनीयतेच्या नावाखाली त्यात एक मिनिटही वाया जाता कामा नये. म्हणून आम्ही असं ठरवलं: कंट्रोल रूमचा चोवीस तास चालणारा लँडलाइन, आणि कंपनीचा एक ड्युटी मोबाइल जो शिफ्ट बदलताना सहीनं हातोहात दिला जातो. नाव फक्त कारखाना व्यवस्थापक आणि सेफ्टी ऑफिसर यांचं, त्यांची पदं कायद्यानंच जाहीर असल्यामुळे. सर्ट-इनच्या नमुन्यात व्यक्तीचं नाव लागतं. ते दिलं, पण मोबाइल कंपनीचा आणि ईमेल पदाच्या नावाचा, जो दोन जण उघडू शकतात. माणूस बदलला की कळवायचं असतंच, ते कुणी नोकरी सोडताना एचआरनं करायच्या कामांच्या यादीत टाकलं. सरकारी यंत्रणेकडून फोन आलाच, तर फोन ठेवून त्या यंत्रणेच्या अधिकृत संकेतस्थळावरच्या नंबरवर उलट फोन करायचा, हा नियम कंट्रोल रूमच्या भिंतीवर लावला.

एक गोष्ट मात्र मी या तपासणीतून मुद्दाम बाहेर ठेवली. कारखान्यात कोणती रसायनं आहेत आणि गळती झाली तर गावानं काय करायचं, ही माहिती १९८९ च्या नियमांनुसार आजूबाजूच्या लोकांना मिळालीच पाहिजे. ‘आता सगळंच गोपनीय करू’ अशी सूचना बैठकीत आली, तेव्हा मी ती ठामपणे नाकारली. शिफ्ट इन्चार्जचा खासगी मोबाइल लपवणं आणि टाकीत काय आहे ते लपवणं यांचा एकमेकांशी काहीही संबंध नाही.

त्यानंतर प्रत्येक कार्यालयाला पत्रं गेली. घरचा पत्ता कोणत्या नियमाखाली हवा आहे, यादी कोण बघतं, किती काळ ठेवली जाते, जुनं नाव कसं काढायचं, असे चार प्रश्न नम्रपणे विचारले आणि सोबत सुधारित तक्ता जोडला. मला विरोधाची अपेक्षा होती, पण बहुतेक ठिकाणी सुधारित तक्ता सरळ स्वीकारला गेला. एका तरुण अधिकाऱ्यानं तर फोन करून आमचा नमुना मागून घेतला. व्हॉट्सअ‍ॅपवाल्या कार्यालयानं घरच्या पत्त्याचा रकाना काढला, ग्रुप मात्र अजून तसाच आहे. तिथे आम्ही फक्त ड्युटी मोबाइल आणि लँडलाइन देतो.

शिफ्ट इन्चार्जला मी त्याच्या नावापुढच्या नोंदी छापून दिल्या: कोणत्या यंत्रणेकडे, कोणत्या तारखेला, कोणते तपशील गेले, त्यातले कोणते आता बदलले. यादीतल्या प्रत्येकाला आता असा कागद मिळतो. त्यावर ‘किती काळ ठेवणार’ हा रकाना बहुतेक ओळींत रिकामा आहे, कारण त्या प्रश्नाला अजून कुणीच लेखी उत्तर दिलेलं नाही. पुढच्या मॉक ड्रिलच्या आधीच्या बैठकीत शेजारच्या कंपन्यांसोबत आम्ही तो प्रश्न एकत्रितपणे मांडणार आहोत.