शेपटीचे दोन रकाने

केळापूर तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत मी गणित शिकवतो. संध्याकाळी अभ्यासिकेत ट्यूबलाइटखाली पाली जमतात. त्यातली एक सप्टेंबरात मांजरीच्या तावडीतून सुटली ती शेपूट टाकूनच. नववीची पोरं आलेखांना कंटाळली होती. म्हटलं, हिचीच शेपूट मोजू. पकडायचं मात्र नाही. ट्यूबभोवती भिंतीला आलेखकागद चिकटवला. पाल त्यावर आली की मोबाइलने फोटो घ्यायचा आणि चौकोन मोजायचे.

पहिले आठ दिवस काहीच नाही. जखम बुजते, खाली पेशींचा गोळा जमतो, मग कोंब फुटतो. नंतर शेपूट रोज जवळपास मिलिमीटरभर वाढू लागली आणि मी मास्तरकी केली. दहा-बारा बिंदूंवर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढली. त्या रेघेच्या हिशेबाने संक्रांतीपर्यंत शेपूट पालीच्या दुप्पट होणार होती! "कपाशीवानी असन जी सर," मागून एक जण म्हणाला, "पहिले बसून राह्यते, मंग सरसर वाढते, मंग थांबते."

हाच तर व्हेरहुल्स्टचा वक्र. या बेल्जियन गणितज्ञाने तो 1838 मध्ये लोकसंख्येसाठी मांडला. किती वाढून झालं आणि किती वाढायचं उरलं, या दोन्हींवर वाढीचा वेग ठरतो. ऑक्टोबर संपता संपता आमचे बिंदू त्यावर असे नीट बसले की मला जिल्ह्याचं विज्ञान प्रदर्शन दिसू लागलं.

दिवाळीच्या सुट्टीनंतरचा पहिला सोमवार. वही उघडली. सुट्टीआधी 49 मिलिमीटर, आता 15. मनात शंकेची पाल चुकचुकली (दुसरं काय चुकचुकणार?) की ही पाल वेगळीच आहे. मी लाल पेन काढला.

"काहून खोडता जी सर?" नोंदी ठेवणाऱ्या मुलीने विचारलं.

तिच्या वहीत दोन रकाने होते, जुनी शेपूट आणि नवी शेपूट. मी आजवर नुसती बेरीज बघत आलो होतो. नवी शेपूट गुळगुळीत, एकरंगी, तिच्यावर पट्टे नाहीत. सांधा फोटोतही कळतो. सुट्टीआधी जुनी 16, नवी 33. आता जुनी 12, नवी 3.

"बघ, जुनीच बदलली. म्हणजे पाल दुसरी," मी म्हणालो, जरा जोरातच.

तिने दोन्ही फोटो मोठे करून दाखवले. मागच्या डाव्या पायाचं एक बोट दोन्हीत नव्हतं.

रात्री वाचत बसलो. पालीच्या मूळ शेपटीत मणक्यांच्या आतच तुटायच्या जागा असतात. पुन्हा उगवलेल्या शेपटीत मणके नसतात, कूर्चेची सलग नळी असते. तिथे तुटायची सोयच नाही. दुसऱ्यांदा शेपूट टाकायची तर जुन्या सांध्याच्या वरूनच, म्हणजे बुंधा आखूड व्हायलाच हवा. मी जो आकडा खोडायला निघालो होतो, त्याचा हिशेब तंतोतंत लागत होता.

वक्र आता शून्यापासून. सॅलमँडर या पालीसारख्या दिसणाऱ्या उभयचर प्राण्यावरच्या जुन्या प्रयोगांत शेपूट जितकी वरून कापली तितकी ती झपाट्याने वाढते, म्हणून आमचा दुसरा वक्र जास्त उभा चढेल असं वाटलं होतं. पण पालीचं अंग हवेबरोबर तापतं आणि गार होतं, आणि थंडी सुरू झाली होती. वक्र लोळतच राहिला. तापमान सूत्रात घालायला हवं होतं. शाळेत थर्मामीटर एकच, तो पोरांचा ताप बघायचा.

प्रदर्शनाच्या तक्त्यावर सुट्टीचे दिवस ठिपक्यांनी जोडू म्हणालो. तिने जोडले नाहीत. डिसेंबरात पाल आठ दिवस ट्यूबपाशी फिरकलीच नाही. मी असतो तर त्या तारखांपुढे आदल्या दिवसाचा आकडा उतरवला असता. तिने आडवी रेघ मारली आहे, दोन्ही रकान्यांत.