लेग वाईस अपडेट ३: बॉक्सच्या आत पितळेची रेघ सापडली

मंडळी, लेग वाईस म्हणजे जमिनीपर्यंत लांब पाय असलेला लोहाराचा शिकंजा, तो मी दुरुस्त करतोय. मागच्या वेळी त्याचा स्क्रू जाम होता तिथे थांबलो होतो, तो आता सुटला. मालवणात खारं वारं आणि चार महिने पाऊस, त्यात हा वाईस बंद पडलेल्या लोहारशाळेच्या पडवीत कितीतरी वर्षं उघडा, त्यामुळे रॉकेल आणि हातोडीनं काही होणार नव्हतं. शेवटी इलेक्ट्रोलिसिस केलं, म्हणजे पाण्यातून वीज सोडून गंज काढला. ड्रममध्ये पाणी, धुण्याचा सोडा, १२ व्होल्टचा चार्जर, मायनस वाईसला आणि प्लस साध्या लोखंडी पत्र्याला. पत्रा स्टेनलेसचा अजिबात घेऊ नका, क्रोमियमचं विषारी पाणी होतं. आणि हायड्रोजन सुटतो म्हणून हे अंगणातच करा.

दोन दिवसांनी स्क्रू फिरला, बॉक्स म्हणजे ज्या नळीत तो फिरतो ती बाहेर आली, टॉर्च मारून आत बघितलं तर आट्यांच्या कडेनं पिवळी रेघ! मी अर्धा तास तसाच बसून बघत होतो. जुने कारागीर आतले आटे कापत नसत, स्क्रूच्या खाचेत लोखंडाची चौकोनी पट्टी गुंडाळायचे, ती नळीत सरकवून पितळेनं झाळायचे, म्हणजे प्रत्येक बॉक्स त्याच्या स्क्रूच्याच मापाचा. म्हणून दुसऱ्याचा स्क्रू याला बसेलच असं नाही, जोडी कधी फोडू नका. एवढ्यावरून वय मात्र ठरत नाही हं, अखंड, म्हणजे आटे नळीतच कापलेले बॉक्स एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आले तरी झाळलेले नंतरही बनत होते.

काहीजण म्हणाले होते बेंच वाईस, म्हणजे टेबलावर बसवायचा, तो घे, स्वस्त पडेल. पण तो बिडाचा, कोयता घडताना घण बसला की तडकायची भीती. याचं अंग घडीव आणि पाय थेट जमिनीत, ठोका स्क्रूवर न बसता खाली उतरतो. एक खोट आहे, पुढचा जबडा खालच्या खिळीवर कमानीसारखा फिरतो म्हणून जाड काम धरलं की जबडे समांतर राहत नाहीत. त्यावर उपाय म्हणून तर सरळ सरकणारा जबडा आला.

आता स्प्रिंग. जबडा उघडणारी पट्टी गायब आहे, ट्रकच्या कमानीचा पाटा आणलाय, या रविवारी लाल करून वाकवणार. दुसरं म्हणजे पाय कुठे टेकवायचा, आमच्याकडे जमीन जांभ्याची, ठोक्यानं खड्डा पडेल, म्हणून खाली जाड लोखंडी प्लेट टाकायचा विचार आहे. कोणी जांभ्यावर बसवला असेल तर प्लेट किती जाड घेतली ते सांगा, फोटो असेल तर उत्तमच.