आमची वाटचाल: दप्तरांच्या शिलाईपासून गोलकीपरच्या पॅडपर्यंत

सप्टेंबर लागला की कॅनडातल्या ब्रॅम्प्टनच्या आमच्या दुकानात तक्रार एकच असते: आइस हॉकीच्या गोलकीपरचे पॅड नवे कोरे आहेत, पण बर्फावर सरकत नाहीत. मोठ्या मापाच्या, वरच्या दर्जाच्या जोडीला इथे दोन हजार डॉलरच्या वर पडतात. तेवढे पैसे मोजून आणलेले पॅड पहिल्याच सरावात अडकायला लागले की मुलाचा चेहरा उतरतो आणि आईबापाचा त्याहून जास्त. आज आमचा निम्म्याहून अधिक धंदा या एका तक्रारीवर उभा आहे, म्हणून सुरुवात तिथूनच करते.

ज्यांनी आइस हॉकी पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. गोल ६ फूट रुंद आणि ४ फूट उंच. पक म्हणजे कडक रबराची साधारण १७० ग्रॅमची चकती. ती अडवायला हल्लीचा गोलकीपर दोन्ही गुडघे बर्फावर टेकवतो आणि पोटऱ्या बाहेरच्या अंगाला फाकवतो. असं बसलं की पायावरचे पॅड फिरतात, त्यांची आतली बाजू बर्फाला लागते आणि पुढची रुंद बाजू शॉटच्या आड येते. याला बटरफ्लाय म्हणतात. पक एका खांबाकडून दुसऱ्या खांबाकडे गेला तर उठून उभं राहायला सवड नसते. एका स्केटच्या पात्याने बर्फात रेटा द्यायचा आणि गुडघ्यांवरच पलीकडे सरकायचं. पॅडची आतली बाजू जराशी जरी धरली, तरी गोलकीपर वीतभर अलीकडे थांबतो आणि पक नेमका त्या वीतभर जागेतून आत जातो.

मी मूळची सांगलीची. दप्तरं, प्रवासी बॅगा, स्कूटरच्या सीटची कव्हरं शिवण्यात हात तयार झाला. रेक्झिन ओढून बघितलं की ते कुठे फाटणार हे सांगता यायचं. २०११ मध्ये ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही कॅनडात आलो. बेसमेंटमध्ये एक जुनं वॉकिंग फूट मशीन आणून ठेवलं. यात वरचा पायही कापडाबरोबर चालतो, त्यामुळे जाड थर एकमेकांवरून घसरत नाहीत. बॅगांच्या चेन, ट्रकच्या सीट, बार्बेक्यूची कव्हरं असं मिळेल ते काम घेत होतो. ब्रॅम्प्टनमध्ये क्रिकेट जोरात चालतं, त्यामुळे क्रिकेटचे पॅडही येऊ लागले: तुटलेले पट्टे, उसवलेल्या शिवणी. त्याच घरांतली धाकटी मुलं मात्र हॉकीकडे वळलेली. टीव्हीवर सामने दाखवणाऱ्या 'हॉकी नाइट इन कॅनडा'चं पंजाबी समालोचन २००८ पासून सुरू आहे, आणि या गावात त्याचा परिणाम घराघरांत दिसतो. एक सरदारजी आजोबा नातवाचे हॉकीचे पॅड काखेत मारून आले आणि म्हणाले, "बेटी, क्रिकेट के पॅड सीती हो, ये भी सी दो."

आजोबांचं बोलणं इतिहासालाही धरून होतं. सुरुवातीच्या काळात आइस हॉकीचे गोलकीपर क्रिकेटचेच पॅड बांधायचे. १८९६ साली विनिपेग व्हिक्टोरियाज संघाचा जॉर्ज मेरिट स्टॅन्ली कपच्या, म्हणजे या खेळातल्या सगळ्यात मोठ्या चषकाच्या, सामन्यात क्रिकेटचे पॅड घालून उभा राहिला होता. पुढे १९२० च्या दशकात हॅमिल्टनमधल्या एमिल केनेस्की यांनी गोलकीपरसाठी वेगळे, रुंद, चामड्याचे पॅड शिवायला घेतले. ते मूळचे घोड्यांचे साज बनवणारे कारागीर. लोक त्यांना पॉप्स म्हणत, आणि कित्येक वर्षं मोठमोठे गोलकीपर त्यांच्याकडचेच पॅड वापरत. हॅमिल्टन आमच्यापासून तासाभराच्या अंतरावर आहे. साज शिवणाऱ्या माणसाने या खेळाला पॅड दिले, हे कळलं तेव्हा दप्तरं शिवणाऱ्या बाईला फार बळ आलं.

काम अंगवळणी पडावं म्हणून मी टाकून दिलेले जुने पॅड गोळा करून उसवत गेले. त्यांत थरामागून थर निघतात. सगळ्यात जुन्या जोड्यांत चामडं, आणि आत हरणाचे केस दाबून भरलेले. ते पाणी प्यायचे आणि सामना संपेपर्यंत जड व्हायचे. नंतर चामड्याच्या जागी कृत्रिम चामडं आलं आणि केसांच्या जागी फोमच्या पाट्या. त्याच सुमारास खेळण्याची पद्धतही बदलली. मॉन्ट्रियलचा गोलकीपर पॅट्रिक रॉय याने १९८६ मध्ये, पहिल्याच पूर्ण सीझनमध्ये, स्टॅन्ली कप जिंकून दिला, आणि त्याच्याकडे बघून मुलांची एक अख्खी पिढी बटरफ्लाय शिकली. त्याच्याआधी ग्लेन हॉल आणि टोनी एस्पोझिटो यांनी ती वाट पाडलेली होतीच. परिणाम असा, की पॅडची जी आतली बाजू पूर्वी कुणी बघतही नव्हतं, तीच बर्फावर घासायला लागली. जेनप्रो नावाचं कृत्रिम चामडं गोलकीपरच्या पॅडमध्ये रुळलं. अलीकडे कंपन्यांनी आणखी गुळगुळीत पृष्ठभाग काढले आहेत. बॉअरचं कॉरटेक आणि सीसीएमचं स्पीड स्किन आमच्याकडे नेहमी येतात.

मग इतके गुळगुळीत पॅड अडकतात कशाने? हे शोधता शोधताच आमच्या धंद्याला वळण लागलं.

पॅडच्या पुढच्या आणि आतल्या बाजूच्या तुकड्यांचा जोड जिथे येतो तिथे शिवण असते आणि तिच्यावर पायपिंग, म्हणजे आत दोरी घालून शिवलेली उंच गोट. पॅड पूर्ण फिरला तर आतली सपाट बाजू बर्फावर बसते. अर्धवट फिरला तर सगळा भार त्या पायपिंगच्या काठावर येतो. मग कापड कितीही गुळगुळीत असो, काठ बर्फ कापत जातो. नवा पॅड ताठ असतो, फोम दबलेला नसतो, म्हणून हे नव्या पॅडमध्ये जास्त होतं.

हे डोळ्यांनी दिसावं म्हणून आम्ही शिंप्याचा खडू वापरतो. दुकानाच्या मागच्या खोलीत पॉलिथिनचा मोठा जाड पत्रा अंथरलेला आहे. त्यावर निळा खडू चुरून पसरायचा, गोलकीपरला पॅड आणि स्केट बांधून त्यावर गुडघे टेकायला लावायचे, जागच्या जागी थोडं हलू द्यायचं, मग पॅड काढून उलटे करून बघायचे. मिसिसॉगाच्या एका मराठी घरातला मुलगा नवे पॅड घेऊन आला होता. आल्या आल्या म्हणाला, "काकू, थोडं सिलिकॉन मारून द्या ना, टीममधले सगळे मारतात."

"मारायचं का ते मग बघू. आधी इथे गुडघे टेक."

पॅड उलटे केले तर आतली बाजू कोरीच होती. निळा रंग होता तो फक्त पायपिंगवर, बोटाएवढ्या रुंदीच्या एका रेघेत. पुढची लेस त्याने बुटाच्या नाकाशी अगदी आखूड आवळली होती. घोट्याजवळचा पट्टा शेवटच्या भोकात होता. पाय आत फिरायचा, पण पॅड त्याला चिकटून अर्ध्यात अडायचा. लेसच्या जागी ताणणारा रबरी टो स्ट्रॅप लावला, घोट्याचा पट्टा सैल केला, पोटरीचा होता तसाच ठेवला आणि पुन्हा गुडघे टेकायला लावले. या वेळी गुडघ्याच्या ठोकळ्यापासून (गुडघा टेकतो तो पॅडचा आतला जाड भाग) घोट्यापर्यंत सगळी आतली बाजू निळी झाली. त्याच्या आईने दोन्ही वेळचे फोटो काढून घेतले. शिलाईचा एक टाका न घालता काम झालं होतं.

मापाचंही तसंच. हॉकीत पॅडचं माप ३०+१, ३२+१ असं सांगतात. अधिकच्या पुढचा आकडा गुडघ्याच्या वरच्या भागाला दिलेली जास्तीची उंची दाखवतो. आपल्याकडे मुलांना कपडे वाढत्या अंगाचे घ्यायची पद्धत आहे, आणि पॅड इतके महाग म्हटल्यावर ती आपसूक लागू होते. पण माप मोठं झालं की गुडघा ठोकळ्याच्या मधोमध न पडता खाली पडतो, पॅड फिरायचे राहतात, शिवाय दोन पॅडची वरची टोकं एकमेकांवर चढतात. त्या मुलाला कितीही सराव द्या, तो सरकणार नाही. विकत घेण्याआधी घोट्याच्या मध्यापासून गुडघ्याच्या मध्यापर्यंतचं अंतर टेपने मोजा आणि त्यावरून ज्या त्या कंपनीचा तक्ता बघा, असं मी प्रत्येकाला सांगते, पॅड आमच्याकडून घेणार असोत वा नसोत.

कितीतरी वेळा दोष पॅडमध्ये नसतोच, तो स्केटमध्ये असतो. सरकायचा जोर येतो मागच्या पायाच्या पात्यातून. पातं बोथट असेल तर रेटा बसत नाही, आणि खेळणाऱ्याला वाटतं की पॅड धरतोय. पात्याच्या तळाला पन्हळ कोरून धार लावतात; तिची त्रिज्या जितकी लहान तितकी धार खोल. पूर्वी गोलकीपर उथळ धार लावायचे, पाऊण किंवा एक इंच त्रिज्येची. आता बरेच जण अर्धा इंच किंवा त्याहून खोल लावतात. म्हणून आम्ही दुकानात धार लावायचं मशीनही घेतलं. ते काम ह्यांनी नोकरी सोडल्यावर हातात घेतलं आणि आज त्यांच्या धारेसाठी लोक ओकव्हिलहून येतात.

आता त्या सिलिकॉनबद्दल. सिलिकॉनचा फवारा, गाडीचं मेण, फर्निचरचं पॉलिश, लोक काय काय लावतात. काही मिनिटं पॅड झकास पळतो, हे खरं आहे. मग ते सगळं बर्फावर उतरतं आणि त्यावरून दुसऱ्यांचे स्केट जातात. पुढचं दुखणं आमच्या कामाचं आहे: सिलिकॉन मुरलेल्या रेक्झिनवर सोल्युशन धरत नाही. वर्षभराने तिथे ठिगळ लावायची वेळ आली की घासा, पुसा, तरी कड सुटतेच. अख्खा तुकडा बदलावा लागतो आणि गिऱ्हाइकाचा खर्च दुप्पट होतो. त्यामुळे आम्ही फवारे विकायला ठेवत नाही. वितरकाने दोनदा मांडणी भरून द्यायची तयारी दाखवली, नफा चांगला होता, तरी नको म्हटलं. या निर्णयाचं मला आजही समाधान आहे.

आमचं खरं शिलाईचं काम आहे आतल्या बाजूचा तुकडा बदलण्याचं. घासून विरलेलं किंवा जुनं विणीचं नायलॉन काढायचं, त्या जागी एकसंध कृत्रिम चामडं बसवायचं, आणि शिवण बर्फाला लागणार नाही अशी अर्धा इंच वर, बाजूच्या अंगाला सरकवायची. विणीचं कापड पाणी धरतं, ते पाणी गोठतं आणि त्यावर बर्फाचा चुरा चिकटतो. एकसंध पृष्ठभागावरून तो गळून पडतो. दोरा बाँडेड नायलॉनचा, टाका लांब. छोटा टाका मजबूत वाटतो, पण रेक्झिनला अगदी शेजारी शेजारी भोकं पडली की ते त्याच ओळीत फाटतं. हे मी सांगलीत शिकले ते इथे जसंच्या तसं उपयोगी पडलं.

एका हिवाळ्यात एका पुरवठादाराच्या मालाचा वरचा थर कडक थंडीत तडकायला लागला. ज्यांच्या पॅडला तो लावला होता त्या सगळ्यांना फोन करून आम्ही तुकडे फुकट बदलून दिले. तेव्हापासून नवीन माल आला की एक पट्टी कापून रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवतो आणि सकाळी दुमडून बघतो.

२०२० आणि २१ मध्ये आमच्या ओंटारियो प्रांतातली रिंक, म्हणजे बर्फाची मैदानं, बराच काळ बंद होती. मास्क शिवून भाडं निघालं. पुढे दारं उघडली तेव्हा मुलांचे पाय वाढलेले होते, पॅड आखूड झालेले होते, आणि दुकानात उभं राहायला जागा नव्हती. १ जानेवारी २०२४ ला टोरांटोत महिलांच्या व्यावसायिक आइस हॉकीच्या पीडब्ल्यूएचएल लीगचा पहिला सामना झाला, तेव्हापासून गोलकीपर मुलींची संख्या माझ्या डोळ्यांदेखत वाढते आहे. आमच्याकडे आता शिलाईला दोघी जणी आहेत, त्यातली एक स्वतः कॉलेजच्या संघात गोलकीपर होती. खडूच्या पत्र्यावर मुलांना ती माझ्यापेक्षा छान समजावते.

तिचंच एक सांगणं आम्ही दुकानाचा नियम करून टाकलं. झॅम्बोनी, म्हणजे बर्फ गुळगुळीत करणारी गाडी, फिरून गेल्यावर पहिली पाच मिनिटं बर्फ ओला आणि गुळगुळीत असतो, तेव्हा सगळेच पॅड पळतात. गोलकीपर मुद्दाम स्केटने गोलापुढची जागा खरवडून घेतात, ते पायाला पकड मिळावी म्हणून. पॅडची परीक्षा करायची ती अर्धा सराव झाल्यावर, चुरा साठलेला असताना. आणि अगदी लहान मुलांना फार सरकणारा पॅड नकोच. रेटा आवरता येत नाही तोवर ती खांबाच्या पलीकडे निघून जातात. दहा वर्षांखालच्या मुलाचा चांगला असलेला तुकडा केवळ आणखी सरकावा म्हणून आम्ही बदलून देत नाही, बाप कितीही मागे लागला तरी.

सीझन सप्टेंबरला सुरू होतो, तेव्हा पॅड ऑगस्टमध्येच घेऊन या. स्केट बरोबर आणा, गुडघ्याचे आतले गार्डही आणा, कारण त्यांच्या जाडीने पॅड किती फिरतो ते बदलतं. खेळून आल्यावर पॅड गाडीच्या डिकीत ठेवू नका. घरात उभे करून वाळू द्या, हीटरपासून लांब. खडूची तपासणी फुकट आहे.