दोन कॉन्टेक्स्ट, पत्ता एकच

जालन्याच्या एका कारखान्यात भर दुपारी वजनकाट्याची पावती निघायची बंद झाली. गेटबाहेर भंगाराच्या ट्रकची रांग लागली. पावती काढणारं सॉफ्टवेअर तिथल्या छोट्या के३एस क्लस्टरवर (के३एस म्हणजे सर्व्हरच्या समूहावर सॉफ्टवेअर चालवणाऱ्या कुबरनेटिस प्रणालीची हलकी आवृत्ती) चालतं, आणि त्याची रेप्लिका संख्या, म्हणजे चालू प्रतींची संख्या, कोणीतरी शून्य केली होती. आदेश संभाजीनगरच्या ऑफिसातून गेला होता. देणाऱ्या मुलाच्या शेल हिस्टरीत (टाइप केलेल्या आदेशांच्या नोंदीत) मात्र ‘--कॉन्टेक्स्ट शेंद्रा-टेस्ट’ असं स्वच्छ लिहिलेलं होतं, म्हणजे आदेश शेंद्र्याच्या टेस्ट साइटसाठी होता. तरी मीटिंगमध्ये ‘पोरगं घाईत चुकलं’ एवढ्यावर विषय मिटवला गेला. मला ते तेव्हाही पटलं नाही, आजही पटत नाही.

खरी गोम क्यूबकॉन्फिगमध्ये, म्हणजे कोणत्या क्लस्टरला कोणत्या ओळखीने जोडायचं ते सांगणाऱ्या फाइलमध्ये, होती. क्लस्टर आणि युजरच्या जोडीला तिथे कॉन्टेक्स्ट म्हणतात. के३एस प्रत्येक सर्व्हरवर जी यामल फाइल बनवतं, तिच्यात क्लस्टर, युजर आणि कॉन्टेक्स्ट या तिघांचंही नाव ‘डिफॉल्ट’ असतं. क्यूबअ‍ॅडमची (कुबरनेटिस उभारायचं दुसरं साधन) तऱ्हा तीच, फक्त तिथे क्लस्टरचं नाव ‘कुबरनेटिस’ आणि युजरचं ‘कुबरनेटिस-अ‍ॅडमिन’. दोन साइटच्या फाइली उतरवून घेतल्या, सर्व्हरचा १२७.०.०.१ (‘हेच मशीन’) हा पत्ता बदलला आणि ‘रिनेम-कॉन्टेक्स्ट’ने एकीला जालना-लाइव्ह, दुसरीला शेंद्रा-टेस्ट नाव दिलं, की काम झाल्यासारखं दिसतं. पण हा आदेश फक्त कॉन्टेक्स्टचं नाव बदलतो. आतले क्लस्टर आणि युजर ‘डिफॉल्ट’च राहतात.

मग दोन्ही फाइली क्यूबकॉन्फिग व्हेरिएबलमध्ये (कोणत्या फाइली वाचायच्या ते सांगणाऱ्या सेटिंगमध्ये) कोलन टाकून जोडल्या जातात. एकाच नावाच्या दोन नोंदी आल्या तर पहिल्या फाइलमधली धरली जाते, दुसरी गुपचूप गळते. यादीत कॉन्टेक्स्ट दोन दिसतात, पण दोन्ही जातात पहिल्या फाइलच्या सर्व्हरवर. त्या लॅपटॉपवर पहिली फाइल जालन्याची होती.

नुसत्या क्लस्टरचं नाव जुळलं असतं आणि युजर वेगळा असता, तर दुसऱ्या साइटचं सर्टिफिकेट जालन्याच्या सर्व्हरने नाकारलं असतं आणि आदेश तिथेच अडला असता. इथे पत्ता, सीए (सर्टिफिकेटवर सही करणारी यंत्रणा) आणि सर्टिफिकेट तिन्ही एकाच फाइलमधून आले, म्हणून सगळं सुरळीत चाललं. चेतावणीची एक ओळही आली नाही. दोन्ही कॉन्टेक्स्टवर ‘गेट नोड्स’ चालवलं तेव्हा नोडची तीच नावं दोनदा आली, आणि तिथे उलगडा झाला. ‘कॉन्फिग व्ह्यू --मिनिफाय’ला कॉन्टेक्स्ट दिला की सर्व्हरचा पत्ताही दिसतो.

दुरुस्ती जोडण्याआधीच करावी लागते. के३एसच्या फाइलमध्ये ‘डिफॉल्ट’ सहा जागी येतं: क्लस्टर, युजर आणि कॉन्टेक्स्ट यांची तीन नावं, कॉन्टेक्स्टच्या पोटातले दोन संदर्भ आणि करंट-कॉन्टेक्स्ट (काही न सांगितल्यास धरला जाणारा). सहाही जागी साइटचं नाव घालायचं. मग ‘व्ह्यू --फ्लॅटन’चं, म्हणजे जोडलेल्या फाइलींचं एकत्र, आउटपुट नव्या फाइलमध्ये घ्यायचं, तपासायचं आणि मगच जुनीच्या जागी ठेवायचं. थेट त्याच फाइलवर रिडायरेक्ट केलं तर शेल ती आधी रिकामी करतं, वाचायला काही उरतच नाही. फाइलची परवानगी ६००, म्हणजे फक्त मालकाला वाचता-लिहिता येईल अशी. शेवटी करंट-कॉन्टेक्स्ट अनसेट करायचा, म्हणजे कॉन्टेक्स्ट न लिहिलेला आदेश लोकलहोस्टच्या ८०८० पोर्टवर आपटून तिथेच संपतो. हाताला रोज थोडं जास्त टाइप करावं लागतं, पण लाइव्ह साइट सांभाळणाऱ्याने तेवढं केलंच पाहिजे.

साफसफाईतही एक खोच आहे. ‘डिलीट-कॉन्टेक्स्ट’ने युजर आणि क्लस्टर जात नाहीत, ते वेगळे काढावे लागतात. आणि लॅपटॉपवरून काढलं म्हणजे अधिकार गेला असंही नाही. के३एसच्या त्या फाइलमधलं सर्टिफिकेट ‘सिस्टिम:मास्टर्स’ या सर्वाधिकारी गटाचं असतं; कुबरनेटिसमध्ये सर्टिफिकेट रद्द करण्याची सोय नाही, आणि आरबीएसी नियम (कोणाला काय करता येईल ते ठरवणारे) बदलूनही या गटाला आवर घालता येत नाही. त्याची वर्षाची मुदत संपू द्या, नाहीतर सीए बदला. असं असताना ही फाइल आपल्याकडे सर्रास व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकली जाते. प्रत्येकाला त्याच्या नावाचा, एका नेमस्पेसपुरता (क्लस्टरमधल्या एका कप्प्यापुरता), कमी मुदतीचा टोकन (ओळख पटवणारा संकेत) द्यावा, तो ‘क्रिएट टोकन’ने निघतो. त्या मुलाच्या हाती असा टेस्टपुरता टोकन असता, तर जालन्याच्या सर्व्हरने त्याचा आदेश दारातच नाकारला असता.