सातबाऱ्यावरचे 62 आर

पनवेल–कर्जत उपनगरी मार्ग कागदावर होता तेव्हाची ही भूसंपादनासाठीची संयुक्त मोजणी. मार्ग 29.6 किलोमीटरचा, मधली स्थानकं चिखले, मोहोपे, चौक. कौतुक होतं ते वावर्ल्याच्या 2,625 मीटर बोगद्याचं. पण डोंगर फोडण्याआधी सातबारा जुळवावा लागतो, आणि घोडं तिथंच अडतं.

चौककडच्या एका गटात रोव्हरने, म्हणजे उपग्रहाच्या मदतीने जागा मोजणाऱ्या यंत्राने, हद्द घेतली. सातबाऱ्यावर 62 आर (एक आर म्हणजे 100 चौरस मीटर), जागेवर 51. आधी हद्दीच्या दगडांवर संशय घेतला. 1:5000 च्या गावनकाशावर अर्धा मिलिमीटरची रेघ जमिनीवर अडीच मीटर होते. शंभर मीटर लांबीत अडीच आर इकडचे तिकडे. पण 11 आर तेवढ्याने जात नाहीत.

शेतकरी काकांनी प्लॅस्टिकच्या पिशवीतून भूसंपादनाचा जुना निवाडा काढला. "आधीच्या एकेरी लाइनीत गेली ना ती, साहेब. पैसे घेतलेत आम्ही." भूसंपादन झालं, ताबा झाला, लाइनही धावू लागली, फक्त क्षेत्रातला बदल नोंदवणारं कमी-जास्त पत्रक कुणी केलंच नव्हतं. ते नाही म्हणून फेरफार नाही, आणि फेरफार नाही म्हणून सातबारा जुनाच. त्यावरून बनवलेल्या नव्या संपादनाच्या प्रारूप यादीत या गटातून 14 आर घ्यायचे होते. त्यातले 5 आर आधीच रेल्वेचे! काका गप्प बसले असते तर त्या 5 आरचे पैसे दुसऱ्यांदा निघाले असते. पत्रक वेळेवर न करणाऱ्यांचा मला अजून राग येतो.

दुरुस्तीची वाट ठरलेली: निवाडा, ताबा पावती आणि जुनी मोजणी शीट जोडून पत्रक, मग फेरफार, हरकतींचे 15 दिवस, मंडळ अधिकाऱ्यांचं प्रमाणन. संपादनाच्या यादीला वेगळं शुद्धिपत्रक.

क्षेत्र जुळलं, पण एक गोष्ट राहिली. त्या वळणावर नवी लाइन जुनीपासून सरकते आणि मध्ये काकांचे 3 आर उरतात. दोन्हीकडे रूळ, बैल न्यायला वाट नाही. 2013 च्या भूसंपादन कायद्याच्या कलम 28 मध्ये जमीन तुटल्याच्या नुकसानीचा विचार सांगितलेला आहे. मोजणी शीटवर मात्र त्यासाठी रकाना नव्हता. मी शेऱ्यात लिहिलं: "उर्वरित 3 आर, पोहोच रस्ता नाही." तलाठी म्हणाले, एवढं कशाला? निवाडा लिहिणारा ती जागा बघायला येत नाही, त्याच्यासमोर शीटच असते. म्हणून मी तो शेरा खोडू दिला नाही, आणि त्याखाली काकांचीही सही घेतली.