अकरावा फॉर्म

ऐन दुपारी तीन वाजता वाचनालयात जाणे हा तसा वेडेपणाच, पण उन्हाळा सरत आला की माझ्या हातून तो दरवर्षी होतो. उन्हाची धार अजून बोथट झालेली नसते, सुट्टी मात्र संपत आलेली असते. सुट्टी लागताना मोठ्या निर्धाराने नेलेले जाडजूड ग्रंथ लोक निमूटपणे परत आणून देत असतात, आणि नेमक्या त्याच दिवसांत दाराजवळच्या अरुंद मांडणीवर ‘नवीन आलेल्या कादंबऱ्या’ अशी पाटी लागते. या वर्षी पाटीखाली नऊ कादंबऱ्या होत्या. मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि वाचक म्हणवणाऱ्या माणसाने जे करू नये तेच पुन्हा केले. एकीचेही पहिले वाक्य न वाचता मी पानांचे क्रमांक तपासायला लागले.

या सवयीचे कारण पुढे येईलच. आधी त्या मांडणीविषयी थोडे सांगायला हवे, कारण अख्ख्या वाचनालयात माझा जीव रमतो तो तिच्यासमोर. आतल्या कपाटांत पुस्तके आपला कणा दाखवत दाटीवाटीने उभी असतात, इथे मात्र त्यांना मुखपृष्ठ समोर करून ऐसपैस बसता येते. शिवाय इथे क्रम नसतो. अमेरिकन ग्रंथपाल मेल्विल ड्युई यांनी १८७६ साली जगातले सारे ज्ञान दहा वर्गांत आणि त्यांच्या दशांशांत बसवले खरे, पण कादंबरीची गोष्ट आली की बहुतेक सार्वजनिक वाचनालये ते आकडे बाजूला ठेवतात आणि सरळ लेखकाच्या आडनावाप्रमाणे रांग लावतात. त्यामुळे कोणाची कादंबरी उभ्या माणसाच्या नजरेसमोर येणार आणि कोणाची गुडघे टेकल्याशिवाय दिसणार नाही, हे आडनावाचे पहिले अक्षर आणि सुताराने ठरवलेली कपाटाची उंची यांवर अवलंबून राहते. हजेरीपटावर शेवटून तिसऱ्या क्रमांकावर ज्याने दहा वर्षे काढली आहेत, त्याला यातला अन्याय समजावून सांगावा लागत नाही. तळच्या फळीवरच्या लेखकांकडे माझे मन जरा जास्तच ओढ घेते, ते त्यामुळेच. नव्या मांडणीवर निदान काही आठवडे सगळे सारखे असतात. मग पाटी निघते, कण्यावरची ‘नवीन’ची चिकटपट्टी सोलली जाते आणि कादंबरी हजेरीपटातल्या आपल्या जागी जाऊन बसते.

मांडणीवर येईपर्यंत पुस्तकाला बऱ्याच गोष्टींतून जावे लागते. दाखल नोंदवहीत त्याला एक क्रमांक मिळतो, आणि तो क्रमांक पुढे कुठल्याही पुस्तकाला द्यायचा नसतो. मग शीर्षकाच्या पानावर शिक्का बसतो, आणि आतल्या एका ठरलेल्या पानावरही बसतो, म्हणजे पहिले पान फाडून कोणी पुस्तक लांबवलेच तरी ते ओळखता यावे. हे आतले पान प्रत्येक वाचनालयाचे आपले असते आणि ते वाचकाला सांगायचे नसते, पण चार पुस्तके नेली की पाचव्याला ते आपोआप कळते. शेवटी तारीखचिठ्ठी चिकटवतात. आजच्या नवांपैकी एकीची चिठ्ठी इतकी ताजी होती की तिचा वरचा कोपरा ओलसर होऊन वर वळला होता, आणि तिच्यामुळे समोरच्या कोऱ्या पानावर डिंकाचा एक फिकट, नखाएवढा डाग पडला होता. जुन्या पुस्तकांच्या गोडसर वासाचे पुष्कळ कौतुक होते. तो खरे तर कागद हळूहळू कुजण्याचा वास असतो, लाकडातून कागदात आलेल्या लिग्निन नावाच्या द्रव्याचे विघटन होत जाते आणि त्यातून व्हॅनिलाच्या नात्यातली द्रव्ये सुटतात. नव्या पुस्तकाला असला काव्यमय इतिहास नसतो. त्याला शाईचा आणि डिंकाचा वास येतो, म्हणजे नुकत्याच उरकलेल्या कामाचा, आणि मला तोच आवडतो.

नव्या कादंबरीची अट एकच असते, ती सात दिवसांत परत करायची. इतर पुस्तकांना पंधरा दिवस मिळतात, मुदत वाढवूनही मिळते. नव्यांना ती सवलत नाही, कारण मागे नावे लागलेली असतात. भरभर वाचणाऱ्यांना याचे काहीच वाटत नाही. माझ्यासारख्या संथ वाचणाऱ्यांना मात्र सातव्या दिवशी शेवटची चाळीस पाने वाचनालयाच्या पायरीवर बसून संपवावी लागतात, आणि तसे मी केले आहे.

लहानपणी या सात दिवसांचे आम्ही दोघींत वाटप करत असू. मी अकरा वर्षांची होते आणि माझ्या सभासदपत्रावर फक्त बालविभागातली पुस्तके मिळत. ताई सोळा वर्षांची होती, तिला मोठ्यांचे पत्र नुकतेच मिळाले होते आणि ते ती पदक मिळाल्यासारखे वागवत असे. सुट्टीच्या शेवटच्या पंधरवड्यात नव्या कादंबऱ्या आल्या, तेव्हा ती सकाळी वाचनालय उघडण्याच्या आधीच दारात जाऊन उभी राहिली आणि मला सोबत म्हणून घेऊन गेली. तिथे आम्ही ज्यांना नुसते काका म्हणत असू, ते ग्रंथपाल नवे पुस्तक कोणाच्याही हातात तसेच देत नसत. ते पुस्तकाचा कणा टेबलावर टेकवत, आधी पुढचे पुठ्ठ्याचे पान खाली दाबत, मग मागचे, मग पुढची थोडी पाने, मग मागची थोडी, असे दोन्ही बाजूंनी अंगठा फिरवत मध्यापर्यंत येत. एकदम मधोमध उघडले तर पुस्तकाची पाठ मोडते, असे ते सांगत. त्यांच्या या विधीला चांगली पाच मिनिटे लागत, आणि मागे उभ्या असलेल्यांपैकी कोणी कुरकुरले तर ते पुन्हा पहिल्यापासून सुरू करतील अशी आम्हाला भीती वाटे. मग चिठ्ठीवर पहिली तारीख पडली. कोऱ्या चिठ्ठीवर पहिल्या घरात पडलेला तो जांभळा शिक्का मला अजून दिसतो, किंचित तिरका, महिन्याचे अक्षर अर्धवट उमटलेला.

ठरले असे होते की दिवसा ताईने वाचायचे आणि रात्री मी. कादंबरी एका घड्याळजीच्या घराविषयी होती. माळ्यावर एक कुलूपबंद पेटी असते, घरातल्या कोणी तिचा उल्लेख करायचा नसतो, आणि धाकटा भाऊ एका रात्री तिची किल्ली मिळवतो. पान १६० च्या शेवटी तो हातात कंदील घेऊन माळ्याच्या शिडीवर चढत असतो. मी घाईघाईने समोरच्या पानावर नजर नेली आणि ते पान १४५ निघाले. तेच जेवणाचे टेबल, तीच मोठ्या बहिणीची तक्रार, तोच कंदील. पुढे पुन्हा १६० पर्यंत तेच, आणि त्यानंतर एकदम १७७. पान १७७ वर सकाळ झालेली होती, घड्याळजी चहा पीत बसला होता, आणि धाकटा भाऊ घरात नव्हता. तो नाही याचे कोणाला आश्चर्य नव्हते, त्याचे नावही कोणी काढत नव्हते.

यामागची गोष्ट अगदी साधी असते. मोठ्या कागदाच्या दोन्ही बाजूंना आठ-आठ पाने छापतात, तो तीनदा दुमडला की सोळा पानांचा एक फॉर्म होतो, आणि बांधणीच्या वेळी एकेका गठ्ठ्यातून एकेक फॉर्म उचलून क्रमाने रचतात. बांधणाऱ्याचा हात दहाव्या गठ्ठ्यात दोनदा गेला आणि अकराव्यात गेलाच नाही, की १४५ ते १६० दोनदा येतात आणि १६१ ते १७६ येतच नाहीत. हे मला पुष्कळ वर्षांनी कळले. त्या रात्री मला एवढेच कळले की एक माणूस शिडीवर चढला आणि नाहीसा झाला, आणि ही गोष्ट ताईला दोन दिवसांपूर्वीच माहीत असूनही तिने मला सांगितली नव्हती.

मी तिला उठवले. ती आधी चिडली, आणि मग दिवा मालवून अंधारातच तिने मला ती सोळा पाने सांगितली. एका रात्रीत झाली नाहीत, दोन रात्री लागल्या. पेटी उघडली तेव्हा तिच्यात त्या भावाने लहानपणी वसतिगृहातून घरी पाठवलेली सगळी पत्रे होती, एकही न फोडलेली. त्याने ती मोजली, पुन्हा तशीच ठेवली, कुलूप लावले आणि पहाटे मागच्या दाराने निघून गेला. पाऊल वाजू नये म्हणून बूटसुद्धा घातले नाहीत, ते शिडीच्या पायथ्याशी जोडीने ठेवून गेला. पुढे पान १९० च्या आसपास त्याची आई एक बुटांचा जोड पुसून ठेवते असे एक वाक्य होते. ते वाचताना मला रडू आले होते. ताईने आधी पुढचे वाचून मग मागचे रचले असेल, हा विचार त्या वयात मला शिवलाही नाही.

सातव्या दिवशी आम्ही काकांना ते दाखवले. त्यांनी एका चिठ्ठीवर ‘फॉर्म ११ नाही’ असे लिहून ती पुस्तकात ठेवली आणि पुस्तक बदलून आणण्यासाठी वेगळे काढले. ते परत यायच्या आत शाळा सुरू झाल्या.

तेव्हापासून मला ही खोड लागली. नवे पुस्तक हातात आले की मी पानांचे क्रमांक पाहते. सगळे नव्हे, सोळाच्या पाढ्यातली तेवढी ठिकाणे, १६ नंतर १७ आहे का, ३२ नंतर ३३ आहे का. शियाली रामामृत रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे जे पाच नियम मांडले, त्यांतला चौथा नियम वाचकाचा वेळ वाचवा असे सांगतो. माझ्यासारखी वाचक नऊ कादंबऱ्यांच्या मांडणीपुढे अर्धा तास पाढे म्हणत उभी राहिली, तर वाचनालयाने तिचा वेळ कसा वाचवावा, हे त्यांनीही सांगितलेले नाही. त्यांचा तिसरा नियम मला अधिक जवळचा आहे, प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळावा. सोळा पाने नसलेल्या त्या प्रतीला आम्ही दोघी मिळालो होतो आणि मला नाही वाटत तिला याहून चांगले कोणी मिळाले असते.

काही वर्षांपूर्वी दुसऱ्याच एका वाचनालयात आतल्या कपाटाच्या तळच्या फळीवर मला ती कादंबरी सापडली. बांधणी सैल झाली होती, तारीखचिठ्ठीवर शेवटचा शिक्का फार जुना होता. मी जमिनीवर बसले आणि १६१ वे पान उघडले. पहिल्याच ओळीत किल्ली कुलपाला लागत नव्हती. त्या माणसाने ती दोनदा फिरवून पाहिली, आणि मी पुस्तक मिटून जागच्या जागी ठेवून दिले. तो पुढे शिडी उतरला की माळ्यावरच राहिला, त्या पेटीत काय होते, हे मला ठाऊक नाही, आणि एरवी कुठल्याही पुस्तकाचा शेवट आधी उघडून पाहणाऱ्या मला ते ठाऊक करून घ्यावेसे वाटलेले नाही.

आजच्या नऊही कादंबऱ्यांचे फॉर्म जागच्या जागी होते. त्याने मला बरे वाटायला हवे होते, तसे ते पूर्ण वाटले नाही. शेवटी ओल्या कोपऱ्याच्या चिठ्ठीची कादंबरी घेऊन मी देवघेवीच्या खिडकीपाशी गेले. तिथल्या मुलीला माझी खोड माहीत आहे. “काकू, पाने बरोबर आहेत ना?” तिने विचारले आणि माझ्या उत्तराची वाट न पाहता पहिल्या घरात तारीख मारली. हल्लीचे शिक्के सरळ आणि ठळक उमटतात.

पायरीवर सावली होती, तिथूनच मी ताईला फोन केला. बोलता बोलता घड्याळजीच्या घराचा विषय काढला आणि इतक्या वर्षांनी प्रथमच तिला विचारले, की ती सोळा पाने तिने कशी रचली.

“मी कुठे रचली?” ती म्हणाली. “काकांकडे दुसरी प्रत होती, ती तिथे बसून वाचून आले होते. जे होतं तेच तुला सांगितलं.”

“बुटांचंसुद्धा?”

“बूट होतेच की त्यात. शिडीपाशी. मला चांगलं आठवतंय.”

किल्ली लागली नव्हती हे मी तिला सांगितले नाही. तिने विषय बदलला आणि आज काय नवीन आले आहे ते विचारले. मी कादंबरीचे नाव सांगितले, सात दिवसांची मुदत आहे असेही सांगितले.

“मग संध्याकाळी इकडेच घेऊन ये,” ती म्हणाली. “तू फार सावकाश वाचतेस. आधी मी वाचते.”