मिरचीचा हंगाम आणि तालुका न सोडण्याची अट

पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीत धान निघालं की हाताला काम उरत नाही. मग माणसं बायकापोरांसह तेलंगणात, खम्ममकडे मिरची तोडायला जातात. वर्षाचा रोख पैसा त्यातूनच येतो.

माझा पक्षकार त्यांच्यातलाच. धुऱ्याच्या, म्हणजे शेताच्या बांधाच्या भांडणात चुलतभावाला काठी मारली आणि गुन्हा शाबीत झाला. पहिलाच गुन्हा म्हणून खालच्या कोर्टाने तुरुंगात न पाठवता १९५८ च्या अपराधी परिवीक्षा अधिनियमाच्या कलम ४ खाली बंधपत्रावर, म्हणजे चांगलं वागण्याच्या लेखी हमीवर सोडलं. यालाच परिवीक्षा (प्रोबेशन) म्हणतात. मुदत तीन वर्षं, म्हणजे कायद्यातली कमाल. अटी दोन: परवानगीशिवाय तालुका सोडायचा नाही आणि दर सोमवारी ठाण्यात हजेरी.

"वकीलसायेब, जेलात नाही टाकलं, बरं झालं. पण मिरचीले नाही गेलो तं सोसायटीचं कर्ज कायनं फेडू?"

परिवीक्षेच्या अटी कलम ८ खाली बदलता येतात, पण तो अर्ज परिवीक्षा अधिकाऱ्यानेच करायचा असतो. इथे तर अधिकाऱ्याचा अहवालच मागवलेला नव्हता. राहिलं कलम ११ खालचं अपील, तेही तीस दिवसांत. त्यात एक धोका होता आणि तो मी नवरा-बायको दोघांनाही स्पष्ट सांगितला: अपिलातलं कोर्ट परिवीक्षेचा आदेश रद्द करून शिक्षाही देऊ शकतं. तो गप्प झाला. बायकोच म्हणाली, "टाका अपील. घरी बसून तं उपाशीच मरू."

सत्र न्यायालयाने आधी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवला. मला सर्वांत मोलाचं हेच वाटतं. तोवर या माणसाचं घर, काम, कर्ज कोणी विचारलंच नव्हतं. अटी मात्र घालून झाल्या होत्या. अधिकारी मॅडम गावात जाऊन आल्या, जखमी चुलतभावालाही भेटल्या.

सुनावणीला सरकारी वकिलांनी जोरात सांगितलं की तुरुंग टळला हीच मोठी सवलत, आता अटींची तक्रार कशाला? मी म्हणालो, देखरेखीचा आदेश गुन्हेगाराच्या आणि समाजाच्या हितासाठी असावा, असं कलम ४ च सांगतं. ज्या अटीने माणूस कर्जात बुडतो, तिच्यात कोणाचं हित?

न्यायाधीशांनी थेट त्यालाच विचारलं, "तिकडे राहता कुठे?" त्याने खिशातून वहीचं पान काढलं. मुलीच्या अक्षरात मुकादमाचं नाव, शेतमालकाचा फोन नंबर, गावाचं तेलुगू नाव देवनागरीत, खाली जवळचं पोलीस ठाणं. साहेबांनी ते वाचून सरकारी वकिलांकडे दिलं. मग अहवालातली एक ओळ मोठ्याने वाचली: चुलतभावाचं कुटुंबही त्याच मुकादमाच्या गाडीने मिरचीला जातं आणि एकत्र जायला त्याची हरकत नाही. त्यानंतर सरकारी वकिलांनी अटीवर फारसं ताणलं नाही.

तालुक्याची अट आणि सोमवारची हजेरी गेली. देखरेख परिवीक्षा अधिकाऱ्यांकडे आली. जाण्याआधी पत्ता लेखी द्यायचा, बाहेर असताना महिन्यातून एकदा फोन करायचा. मुदत एक वर्षावर आणा अशी माझी मागणी होती. साहेबांनी दोन वर्षं ठेवली, कारण धुऱ्याची मोजणी अजून बाकी आहे आणि वाद पुन्हा पेटू शकतो. ते मला पटलं.

नव्या बंधपत्राला जामीनदार लागणार होता. मेव्हणा बाहेर बसलाच होता. पत्त्याचं पत्र आम्ही तिथेच दोन प्रतींत लिहिलं, एक मॅडमना दिली आणि दुसरीवर पोच घेतली.